पंचनाम्याबरहुकूम अ‍ॅम्बेसेडर

ठेमस्करभाऊंनी जुन्या अ‍ॅम्बेसेडरसाठी बल्लारपूरहून नवा कोरा हेडलाइट मागवला, अस्लम मिस्त्रीकडून बसवून घेतला, दोन्ही दिवे पेटतात याची खात्री केली आणि मग घरातून हातोडी आणून डावा दिवा फोडला.

"अरे भाऊ!" अस्लम ओरडला. "पागल झाले का?"

"पंचनाम्यात काय लिवलं हाये? 'डावीकडील दिवा फुटका.' मंग?"

"तं नवा कायले बसवाले लावला?"

"अरे, जुना फॉरेस्टच्या डेपोतून कोणी तरी काढून नेला. फुटका पायजे तं आधी दिवा नको का?"

अस्लम फुटलेल्या काचा गोळा करायला लागला. मी कुंपणाच्या अलीकडून सगळं बघत होते.

ठेमस्करभाऊ पोंभुर्ण्यात आमचे शेजारी. वनरक्षक म्हणून निवृत्त झाले, बायको त्याआधीच गेली, आणि गावातल्या निम्म्या लोकांवर त्यांनी कधी ना कधी केस केलेली असल्यामुळे त्यांच्या ओट्यावर कोणी बसायला जात नाही. आमच्या घरातून तर जाण्याचा प्रश्नच नव्हता. माझे वडील जंगलहक्काची पत्रकं काढायचे. त्यातल्या एका पत्रकात भाऊंचा उल्लेख 'सरकारी कुऱ्हाडीचा दांडा' असा आहे. मी वाचायला शिकले ते या पत्रकांवर, त्यामुळे भाऊ मला माणूस म्हणून माहीत होण्याआधी शिवी म्हणून माहीत होते.

त्या पत्रकाचा विषय हीच गाडी होती. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. मुलचेऱ्याकडच्या, बंगाली निर्वासितांनी वसवलेल्या एका गावातले मंडल नावाचे गृहस्थ ही अ‍ॅम्बेसेडर चालवून सवाऱ्या नेत. एक दिवस नाक्यावर भाऊंनी गाडी अडवली. डिकीत सागाच्या फळ्या निघाल्या, वाहतुकीचा पास नव्हता. फळ्या मुलीच्या लग्नातल्या पलंगासाठी होत्या, हे मंडल सांगत राहिले. भाऊंनी गाडी जप्त केली आणि आपल्या हाताने पंचनामा लिहिला.

"तुमच्या पत्रकात सात फळ्या लिवल्या," भाऊ मला एकदा कुंपणावरून म्हणाले. "चार होत्या."

"चारसाठी गाडी घेतली, हे जास्त लाजिरवाणं नाही का?"

"लाज अलग, आकडा अलग. आकडा चार."

कित्येक वर्षांनी कोर्टाने मंडलांना सोडलं. झाड त्यांच्याच शेतातलं होतं. गाडी परत द्या, असा आदेश झाला. तोवर भाऊंची ड्यूटी त्याच डेपोवर लागली होती, जिथे गाडी उभी होती. मंडल दोन बस बदलून यायचे. सही करणारे साहेब दौऱ्यावर असायचे. भाऊ सांगायचे, "आज नाई, उद्या या." मंडल बरेच 'उद्या' आले. मग यायचे बंद झाले.

हे भाऊंनीच मला सांगितलं, एखाद्या रजिस्टरमधून वाचून दाखवावं तसं. माझ्याजवळ यंत्रणेवर बोलायला पुष्कळ वाक्यं तयार होती. पण ज्याला ती ऐकवायची तो स्वतःच आधी कबुली देऊन बसला होता.

निवृत्तीनंतर डेपोतल्या भंगाराचा लिलाव झाला आणि भाऊंनी ती गाडी घेतली. घेतली म्हणजे तिचं जे उरलं होतं ते. खालचा पत्रा गंजून गेला होता आणि जिथे पाय ठेवायचे तिथून सागाचं एक रोप वर आलं होतं. अस्लम ते उपटायला गेला तेव्हा भाऊंनी त्याचा हात धरला. रोप मुळासकट काढून परसात लावलं, मगच पत्र्याला हात लागला.

अस्लम दर रविवारी बल्लारपूरहून मोटारसायकलवर येई. गंज खरवडला, नवा पत्रा जोडला, इंजिन उघडून बसवलं. त्याला वाटत होतं, जुनी गाडी चकाचक करायची आहे. त्याने तशा गाड्यांचे फोटो मोबाइलवर आणले होते.

"भाऊ, हे पाहा. लाल सीट, चमकते व्हीलकप. नागपूरवाले पाहत राहतीन."

"पंचनाम्यात नाई."

सीटला नवं रेक्झिन चढलं आणि भाऊंनी ब्लेडने ते मागच्या बाजूला वीतभर फाडलं. हॉर्न अस्लमने चुकून दुरुस्त केला, तर त्याची वायर तोडायला लावली. गाडीत त्या वेळी 'बिस्किटाचा पुडा, अर्धा' होता, म्हणून दर रविवारी भाऊ एक पुडा आणत, अर्धा खात आणि उरलेला समोरच्या खणात ठेवत. आठवडाभरात मुंग्या लागत. पुढच्या रविवारी पुन्हा. गाडी तयार होईपर्यंत भाऊंचं पोट सुटलं होतं.

"पण मंडलांना फुटकी, फाटकी काऊन द्यायची?" मी विचारलं. "चांगली करून द्या ना."

"जशी घेतली तशी द्यायची. जास्त देल्लं तं लाच, कमी देल्लं तं चोरी."

आता प्रश्न होता तो मंडल गाडी घेतील का, एवढाच. भाऊंनी त्यांना रजिस्टर पत्र पाठवलं होतं. ते 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आलं. भाऊंनी ते फाइलला लावलं.

"म्हणजे नाई घेत तो," अस्लम म्हणाला.

"कागद नाई घेतला. गाडी कुठी पाह्यली अजून त्यानं?"

"आणि पाहून बी नाई म्हणला तं?"

भाऊंनी पाना उचलला, पुसला, परत ठेवला. "घेतली पायजे," एवढंच म्हणाले.

गाडीला चालू कागद नव्हते, म्हणून भाऊंनी ती रस्त्यावर आणायला साफ नकार दिला. एका मालवाहू ट्रकवर चढवून आम्ही निघालो. मी आणि अस्लम पंच. "पत्रकवाली पंच असली म्हंजे कोणी खोटं नाई म्हणनार," भाऊ म्हणाले. आष्टीच्या पुलापर्यंत ते बोलत होते. वैनगंगा ओलांडल्यावर फाइल उघडून पंचनामा वाचत बसले.

मंडल तळ्याकाठी जाळं विणत बसले होते. पंच्याहत्तरीचे, लुंगी आणि बनियन. ट्रकवरून गाडी उतरेपर्यंत त्यांनी हातातली सुई थांबवली नाही. ट्रकवाल्याला दुसरं भाडं होतं, तो निघून गेला. भाऊंनी हात जोडले, फाइल उघडली आणि उभ्याने वाचायला लागले. दिवा फुटका. सीट फाटकी. हॉर्न बंद. छत्री एक, काळी.

"छत्री माझी नाय," मंडल खाली बघतच म्हणाले. "सवारीची होती. मला रोज विचारायचा, छत्री कुठे."

अस्लमला हसू आलं, त्याने ते गिळलं. भाऊ पुढे वाचू लागले. "रंग पांढरा, मळका."

हा मळका पांढरा जमवताना अस्लमचे दोन रविवार गेले होते. मंडलांची सुई थांबली.

"मैली? कोण बोलला मैली?" ते उठले. "मी रोज सकाळी धुवायचा गाडी. रोज! तुमी नाक्यावर दिवसभर उभी ठेवली, सगळ्या ट्रकची धूळ खाल्ली तिने. संध्याकाळी तुमी लिहिलं, मैली."

 भाऊंनी खिशातून पेन काढलं, फाइल बॉनेटवर ठेवली आणि 'मळका' या शब्दावर आडवी रेघ मारली. बाजूला आपली सही केली. खाली माझी आणि अस्लमची घेतली. एवढं झाल्यावर गळ्यातला दुपट्टा तळ्यात भिजवून आणला आणि गाडी पुसायला लागले. रंगातच मिसळलेला मळकटपणा पुसून जाणार नव्हता. तरी ते पुसत होते, टपापासून खाली, दारामागून दार.

मंडलांनी दोन दारं होऊ दिली. तिसऱ्याला म्हणाले, "बस. चाबी द्या."

ते आत बसले. आधी आरसा हलवून आपल्या डोळ्यांना लावला. इंजिन दुसऱ्या खेपेला सुरू झालं. भाऊ नेमके गाडीच्या पुढ्यात उभे होते, ओला दुपट्टा हातात घेऊन.

मंडलांनी खिडकीतून डोकं काढलं. "जाऊ का, गार्डसाहेब?"

 भाऊ बाजूला झाले, इतके घाईने की चप्पल चिखलात रुतली. गाडी तळ्याच्या बांधाने गेली, शाळेच्या वळणावर दिसेनाशी झाली. थोडा वेळ आवाज ऐकू आला, मग तोही नाही.

आम्ही उभे राहिलो. पंधरा मिनिटं झाली असतील.

"भाऊ, पावतीवर त्याची सही राह्यली," अस्लम म्हणाला.

"राहू दे."

"पेट्रोल तं दोनच लिटर असन. पंचनाम्यात तेवढंच होतं. बंद पडन कुठी तरी."

"नाई पडत." भाऊ दुपट्टा पिळत होते. "टाकी फुल हाये."

अस्लम माझ्याकडे बघायला लागला. भाऊंनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला.

"जाऊ दे ना त्याले दूर," ते म्हणाले.