नऊ हिरव्या बांगड्या

“बांगड्या मीच उतरवतो,” असं मी डॉक्टरांना म्हणालो आणि फसलो.

त्या साली आम्हा बुऱ्हाणपूरकरांची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली होती. तहसिलीत आम्ही कारकून मंडळी जुने कागद हिंदीत उतरवून काढत होतो, पण हाताला मुंग्या आल्या त्या माझ्या बायकोला, उषाला. (घरात खरं काम कोण करतं, हे मुंग्यांना बरोबर कळतं.) उजवा हात पार बधिर. थापलेली भाकरी तव्याऐवजी चुलीत पडायची. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दबली आहे, मुंबईहून नवं औषध आलंय, तिथेच सुई टोचू. ऐकूनच मी बसायला खुर्ची मागितली. सुई तिला होती, ही गोष्ट वेगळी.

बांगड्या उतरवायच्या म्हटल्यावर सोबत आलेल्या शेजारच्या मालूबाई किंचाळल्या, “अवं माय! धनी जिता असताना हात उघडा करती का? त्याहीचं काही बरंवाईट झालं मंग?”

“मालूबाई, मी मॅट्रिक आहे,” मी हसून म्हणालो आणि साबण लावला.

पाच बांगड्या निघेपर्यंत मी मॅट्रिक होतो. सहावीला माझा डावा डोळा लवला. सातवीला छातीत धडधडू लागलं. नववी निघाली आणि ते उघडं मनगट पाहून मला दरदरून घाम फुटला. खरं सांगतो, मी भ्यालो. इतका, की त्या बांगड्या टेबलावर ठेवायचा धीर होईना. निदान घरच्याच कुणाच्या तरी हातात असाव्यात, म्हणून मी त्या माझ्याच उजव्या हातात चढवल्या. (उषा अंगानं माझ्या दीडपट आहे. शिवाय साबण होताच.)

सुई टोचली तेव्हा उषा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. “झालं पण?” तिनं विचारलं. मी जमिनीवर बसलेलो होतो.

मग बांगड्या निघेनात. साबण वाळला, ओढून ओढून हात सुजला, बोटं बधिर झाली.

“साहेब, हिलू नका ना!” कंपाउंडर भिकन घामाघूम होऊन म्हणाला.

“फोडा,” डॉक्टर म्हणाले.

“वाढवा म्हना, वाढवा!” मालूबाईंनी कानांवर हात ठेवले.

“नाही!” मी ओरडलो. “डॉक्टर, मला दोन पोरी आहेत हो!”

“बोटांना मुंग्या येताहेत? मग थोडं औषध उरलंय,” डॉक्टरांनी सुई उचलली.

एकीकडे मरण, दुसरीकडे सुई. मला रडू आलं. लाज वाटली, पण आलं. “उषा, मी गेलो तर पोरींना शाळेतून काढू नकोस.”

उषानं डावा हात माझ्या नाकासमोर खणखणवला. “अहो, हा हात सकाळपासून भरलेलाच आहे की! मरताय कुठे?”

डावा हात माझ्या लक्षातच नव्हता. तिनं त्याच हातानं टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि नऊच्या नऊ बांगड्या माझ्या मनगटावर वाढवल्या. मी जगलो. ओरखडे तेवढे आले.

परतताना ती राजपुऱ्यात कासाराकडे थांबली. “आठ दिवसांनी येते, उजव्या हाताला. हिरव्याच ठेवा, नऊ.”

कासारानं माझ्या मनगटावरची पट्टी पाहिली. मालूबाई आमच्या पुढे निघून गेल्या होत्या, हे तेव्हा मला आठवलं.

“नऊ का अठरा, ताई?” त्यानं अदबीनं विचारलं. “साहेबांचं मापबी तेच आहे म्हने.”