वरंधा घाटाचा सायकलस्वार

नीळकंठ सबनीस ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी उभा असताना त्याचा डच बॉस योस्ट हातात भला मोठा नकाशा घेऊन आला आणि त्याने तो मायक्रोवेव्हवरच पसरला.

"फ्रान्स," योस्ट म्हणाला. "लाल रस्ते ट्रकांचे, पिवळे मोटारींचे. आणि हे बारीक पांढरे आहेत ना, ते कुणाचेच नाहीत. दिवसभरात एखादा ट्रॅक्टर दिसला तर दिसला. वीस वर्षं माझ्या मनात आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी आपण दोघं तिथे सायकल चालवणार आहोत."

"आपण दोघं?"

"मी आयुष्यभर सपाटीवर सायकल चालवली आहे, नील. आमच्या गावातली सगळ्यात उंच जागा म्हणजे कालव्यावरचा पूल. हे रस्ते डोंगरातले आहेत. एकट्याने जायची हिंमत नव्हती. पण आता तू आहेस. वरंधा घाट."

'वरंधा घाट' हे शब्द योस्टने इतक्या आदराने उच्चारले की नीळकंठने कॉफीचा कप खाली ठेवला.

या घाटाचं मूळ पुण्यात होतं. दीड वर्षापूर्वी, म्हणजे २००४ च्या अखेरीस, हॉलंडातल्या झूटरमेर गावच्या या नोकरीसाठी अर्ज करताना नीळकंठने बायोडेट्याच्या शेवटी छंद म्हणून 'वाचन' लिहिलं होतं. त्याचा मावसभाऊ शैलेंद्र, ज्याने आजवर अकरा जणांना परदेशी धाडलं होतं, तो ते बघून हळहळला. "वाचन काय लिहितोस? हॉलंडला चाललायस ना? सायकलिंग टाक. आणि नुसतं सायकलिंग टाकू नकोस, त्यावर कोण विश्वास ठेवणार. वरंधा घाट टाक. बायोडेट्यातले छंद कोणी वाचत नाही रे." शैलेंद्रचं म्हणणं भारतापुरतं शंभर टक्के खरं होतं. डच माणूस मात्र कागदावर लिहिलेलं सगळं वाचतो आणि ते खरं धरून चालतो.

वास्तविक सातवीत असताना सायकलवरून एका भाजीच्या गाडीवर पडल्यापासून नीळकंठने त्या वाहनाशी बोलणं टाकलं होतं. हॉलंडात तो ऑफिसला चालत यायचा. "सायकल का नाही आणत?" असं योस्टने एकदा विचारलं, तेव्हा तो बोलून गेला होता, "सपाट रस्त्यावर मजा येत नाही." ते ऐकून योस्ट दोन दिवस कुणाशी धड बोलला नव्हता, इतका तो भारावला होता.

आता सरळ नाही म्हणावं तर नीळकंठचं कॉन्ट्रॅक्ट जूनअखेर संपत होतं आणि ते वाढवणं योस्टच्या हातात होतं. कॉन्ट्रॅक्ट गेलं की परमिट गेलं. शिवाय साहेबाला तोंडावर नाही म्हणायची सबनिसांच्या घराण्यात पद्धत नव्हती. "बघू या," तो म्हणाला. आपल्याकडे याचा अर्थ शहाण्या माणसाला कळतो. योस्टने खिशातून डायरी काढली आणि तारखेसमोर नीळकंठचं नाव लिहिलं.

"आजारी पड," घरी आल्यावर त्याची बायको मीनल म्हणाली.

"मग तो तारीख पुढे ढकलेल. त्याच्याकडे डायरी आहे."

"मग खरं सांगून टाक."

"काय सांगू? बायोडेट्यात खोटं लिहिलंय म्हणून? आपण जुलैत पुण्यात असू."

मीनलला नुकतंच गावच्या वाचनालयात काम मिळालं होतं आणि ते तिला मनापासून आवडायचं. तिने फ्रिजवरचं एक माहितीपत्रक काढून त्याच्यापुढे ठेवलं. मीनल जिथे सायकल शिकली होती तो नगरपालिकेचा वर्ग. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी आठला, परदेशातून आलेल्या महिलांसाठी.

"महिलांसाठी," नीळकंठ म्हणाला.

"मालिनीताईंना मी सांगते. त्या कुणाला नाही म्हणत नाहीत."

वर्ग घेणाऱ्या मालिनीताई मूळच्या सुरिनामच्या, पूर्वज भारतातून तिकडे गेलेले. त्यांनी नीळकंठला वरपासून खालपर्यंत पाहिलं, एक जुनी काळी सायकल त्याच्या हातात दिली आणि आपल्या हिंदीत एकच मंत्र दिला, "आगे देखो, भैया. हँडल को मत देखो." मोरोक्कोच्या आणि तुर्कस्तानच्या सात बायकांबरोबर नीळकंठ मैदानाला फेऱ्या मारू लागला. पहिल्या आठवड्यात बायका त्याला हसल्या, दुसऱ्यात त्यांनी त्याला मागून धरलं आणि तिसऱ्यात त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी त्याच्यासाठी मधाच्या वड्या घेऊन आली. पायडल उलटं फिरवलं की सायकल थांबते, ही गोष्ट त्याला विशेष आवडली. सहा आठवड्यांनी त्याला प्रमाणपत्र मिळालं. ते आधीच छापलेलं असल्यामुळे त्यावर 'श्रीमती सबनीस' असं होतं.

ठरल्या शनिवारी योस्ट पहाटेच गाडी घेऊन हजर झाला. गाडीच्या टपावर एका मित्राकडून आणलेल्या दोन रेसिंगच्या सायकली होत्या, काडीसारख्या बारीक. दहाच्या सुमारास दोघं फ्रान्समधल्या एका खेड्याबाहेर उतरले. रस्ता खरोखरच कुणाचा नव्हता. दोन्हीकडे कुरणं, गाई, आणि इतकी शांतता की नीळकंठला स्वतःचे दात वाजलेले ऐकू येत होते.

"तू पुढे," योस्ट म्हणाला. "मी तुझं बघून करतो."

नीळकंठ निघाला. तोंडाने 'आगे देखो, आगे देखो' चाललं होतं. थोड्या वेळाने मागूनही तसाच आवाज येऊ लागला.

"आघे देखो," योस्ट पुटपुटत होता. "याने श्वास लांबतो का?"

"हो," नीळकंठ म्हणाला. मागे वळून बघायची सोय नव्हती.

पहिला चढ आला. शंभर पावलांतच नीळकंठचा ऊर फुटायला आला आणि तो खाली उतरला. संपलं सगळं, असं त्याच्या मनात आलं. पण योस्टही उतरला होता आणि सायकल हातात धरून गंभीरपणे चालत होता.

"पहिला चढ चालत घ्यायचा?"

"पाय तापवायला," नीळकंठ म्हणाला.

दुसरा चढही पाय तापवण्यात गेला. तिसऱ्याला योस्टने कारण विचारलं नाही. वाटेत एक शेतकरी ट्रॅक्टरवरून गेला. सायकली ढकलत एकसुरात मंत्र म्हणणाऱ्या या दोघांना पाहून त्याने डोक्यावरची टोपी काढली.

मग उतार लागला. नीळकंठने आधी आनंदाने पाय उचलले. वेग वाढल्यावर त्याने शिकवल्याप्रमाणे पायडल उलटं फिरवलं. ते नुसतंच फिरलं. त्याने पुन्हा फिरवलं. योस्टच्या मित्राच्या सायकलींना तसला ब्रेकच नव्हता, आणि हँडलला असलेल्या ब्रेकवर बोटं न्यायची तर हँडलकडे बघावं लागलं असतं. खाली रस्ता डावीकडे वळत होता. नीळकंठ वळला नाही. उघड्या फाटकातून तो एका शेतात शिरला आणि तिथल्या शेणाच्या भल्या मोठ्या ढिगात कमरेपर्यंत रुतून थांबला.

दोन सेकंदांनी योस्ट आला. त्याच्याकडे ब्रेक होते, ते कसे दाबायचे हेही त्याला ठाऊक होतं, वळणही त्याला दिसलं होतं. त्याने क्षणभर विचार केला, हँडल फाटकाकडे वळवलं आणि नीळकंठच्या शेजारी येऊन रुतला.

"घाटात असं थांबतात?" तोंड पुसत त्याने विचारलं.

इथे नीळकंठला राहवलं नाही. तो हमालासारखा घामाघूम झाला होता, गुडघा सोलला होता, आणि शेजारी एक भला माणूस केवळ त्याच्यावरच्या विश्वासापायी शेणात बसला होता. त्याला लाज वाटली. "योस्ट, मला सायकल येत नाही," तो म्हणाला. "वरंधा घाट मी एसटीतून पाहिलाय. बायोडेट्यातलं खोटं आहे. गेल्या सहा आठवड्यांत बायकांच्या वर्गात शिकलो. तुला कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं नसेल तर माझी तक्रार नाही."

योस्टने नीळकंठच्या खांद्यावरचं शेण झटकलं.

"आम्हाला हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं," तो म्हणाला. "भारतीय सहकाऱ्यांबरोबर कसं वागावं त्याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं. खरा जाणकार भारतीय स्वतःचा मोठेपणा सांगत नाही. आणि शिष्य पडला तर गुरू दोष स्वतःवर घेतो. मला तेव्हा पटलं नव्हतं." त्याने नीळकंठचा हात दोन्ही हातांत धरला. "चूक माझी आहे, नील. मी अंतर ठेवलं नाही."

"अरे, पण मी खरंच सांगतोय."

"तेही सांगितलं होतं त्यांनी."

सोमवारी नीळकंठच्या टेबलावर दोन वर्षांचं नवं कॉन्ट्रॅक्ट होतं. बुधवारच्या मीटिंगमध्ये योस्टने सगळ्यांसमोर नकाशा लावला आणि जाहीर केलं की सप्टेंबरमध्ये नीळकंठ सगळ्या विभागाला फ्रान्सच्या पांढऱ्या रस्त्यांवर घेऊन जाईल. नीळकंठ उठून उभा राहिला. सबनिसांच्या घराण्यात हे प्रथमच घडत होतं.

"नाही," तो स्पष्ट म्हणाला. "मी जाणार नाही. मला सायकल येत नाही."

योस्टने एकेकाकडे पाहून हलकेच मान डोलावली, मी म्हणत नव्हतो का, अशा अर्थाने. मग टाळ्या सुरू झाल्या.

संध्याकाळी मीनलने दार उघडलं तेव्हा नीळकंठ दारातच उभा होता.

"मी आज साहेबाला तोंडावर नाही म्हटलं," तो म्हणाला.

"खरंच? सगळ्यांसमोर? मग?"

"चौदा जण येतायत."