मशीनीच्या कपाळाला विभूती

"मशीनीचं कपाळ कुठाय?" गावच्या मठातल्या स्वामींनी विचारलं.

बोरतळी ग्रामपंचायतीचा ऑपरेटर मलप्पा गोंधळला. जुनी रजिस्टरं संगणकात चढवायला सरकारनं निधी दिला होता, त्यातून नांदेडहून हा नवा स्कॅनर आला होता. टेबल आलं नव्हतं; टेबल निधीच्या नियमात बसत नव्हतं. म्हणून स्कॅनर मंडपवाल्याच्या दोन खुर्च्या जोडून त्यावर बसवला होता. बनावट नकला निघू नयेत म्हणून प्रत्येक पानावर 'सुरक्षा खूण' हवी, अशीही अट होती. त्या खुणेसाठी दमडी नव्हती. अटींना खर्च येत नाही, म्हणून सरकार त्या सढळ हातानं वाटतं.

"जिथून उजेड निघतो, तेच कपाळ असंल की," मलप्पा म्हणाला.

स्वामींनी झाकण उघडलं, विभूती पाण्यात भिजवली आणि काचेवर तीन बोटं आडवी ओढली. ट्रॅक्टर असो की पिठाची गिरणी, आमच्याकडं हे झाल्याशिवाय नवी मशीन सुरू होत नाही. आणि स्वामींनी ओढलेले पट्टे पुसायची छाती कुणाची?

मार्चअखेर चार दिवसांवर होती. काम झालं नाही तर निधी परत. वीज आली की मलप्पा पानं दाबत सुटायचा. चार हजार पानं झाली, तालुक्याला रवानाही झाली. ती पडद्यावर बघायला वेळ कुणाला होता?

पहिली नक्कल काढायला आली सिद्धम्मा. पत्र्याच्या घरात एकटी राहणारी म्हातारी. घरकुलाच्या यादीत यंदा तिचं नाव लागलं होतं. घराचा उतारा शुक्रवारी पाचच्या आत तालुक्याला पोचला नाही, तर नाव कटणार होतं. मंगळवारीच ती उतारा घेऊन तिथल्या बाबूपुढं, व्यंकटरावापुढं, उभी राहिली.

"अव्वा, हे पांढरे पट्टे कसले?"

"आमच्या स्वामींचे हायत."

"स्वामींची सही चालत न्हाई इथं. साफ कागद आणा."

सिद्धम्मा आल्या पावली परतली. मलप्पानं उतारा उजेडाला धरून बघितला. "लई घाण झाली की अव्वा! चार हजार पानांवर असंच असंल. माझी नोकरी जातीया."

"तुझी नोकरी ऱ्हाऊ दे बाजूला. माझं घर जाऊन राहिलंय!"

मलप्पानं कान पकडले, देवाची माफी मागितली आणि ओल्या फडक्यानं काच घासली. सिद्धम्माचं एक पान नव्यानं काढलं. लख्ख.

इकडं तालुक्यात साहेबांनी चार हजार पट्टेदार पानं बघितली. पानं परत पाठवावीत, तर निधीचा दुसरा हप्ता बुडतो. मग कुणाला तरी ती अट आठवली. साहेबांनी वर कळवून टाकलं, 'सुरक्षा खूण उमटवली आहे, विनाखर्च.' विनाखर्च म्हटल्यावर वरचे खूश. गुरुवारी आदेशच सुटला : पट्टे नसलेली नक्कल बनावट समजावी.

शुक्रवारी पावणेपाचला सिद्धम्मानं लख्ख उतारा टेबलावर ठेवला.

"कागद साफ हाय," व्यंकटराव म्हणाला. "पण पट्टे कुठायत?"

"तुमीच म्हणलाव की साफ आणा!"

"ते मंगळवारी. कालपासून पट्टे नसले की नकली."

"म्हंजी मी चाळीस वर्सं त्या घरात ऱ्हाते ते नकली, अन् पट्टे असली?"

"माझ्या हातात काय हाय, अव्वा? वरचा आदेश हाय."

सिद्धम्मानं घड्याळाकडं बघितलं. कमरेच्या पिशवीतून विभूतीची वडी काढली. व्यंकटरावाच्या पिण्याच्या ग्लासात तीन बोटं बुडवली, वडीवर घासली आणि उताऱ्यावर आडवी ओढली.

व्यंकटरावानं ड्रॉवरमधून आदेशासोबतचा नमुना काढला. दोन्ही कागद खिडकीकडं धरून ताडून बघितले.

"मधला जरा वाकडा आलाय."

"हात म्हातारा हाय."

त्यानं मान डोलावली आणि शिक्का मारला. पाचला पाच मिनिटं होती.

सिद्धम्माच्या बोटांना अजून विभूती होती. ती टेबलावरून वाकली आणि व्यंकटरावानं डोकं मागं घ्यायच्या आत त्याच्या कपाळावर तीन पट्टे ओढले.

"ह्ये काय करून राहिलाव, अव्वा?"

"गप बस. मघाधरनं तूच मला नकली वाटून राहिला होतास."