सबनीसकाका आणि सहा शून्यं

आमच्या घरात येऊन आमचीच तिजोरी आमच्यादेखत उघडणारा माणूस मी पाहिलाय. समोरच्या फ्लॅटमधले सबनीसकाका. निवृत्त, एकटे, आणि जिभेला हाड नाही.

झालं असं, की एकगठ्ठा घेतल्यावर सूट मिळते म्हणून कोथरूडच्या आमच्या सोसायटीत घरोघरी एकाच कंपनीच्या बटणांच्या तिजोऱ्या आल्या. दुसऱ्याच दिवशी काका हजर. सहा वेळा शून्य दाबलं. टुंग! दार उघडं.

"अहो, पण आमचा कोड वेगळाय!" मी किंचाळलेच.

"तुमचा वेगळाय हो. कंपनीचाही एक असतो, सगळ्या तिजोऱ्यांना तोच. तो कोण बदलणार? माहितीपत्रक वाचायचं असतं, त्यावर भजी निथळायची नसतात."

मग दारोदार फिरून त्यांनी प्रत्येकाला तो बदलायला लावला. "शेजाऱ्यांवर विश्वास आहे हो आमचा," म्हटलं, की ठरलेलं उत्तर, "विश्वास देवावर ठेवा. तिजोरीवर नको." असा राग यायचा!

एका सकाळी आमच्या तिजोरीचे सेल तपासायला आले आणि हॉलमध्येच कोसळले. आमचे हे त्यांना घेऊन हॉस्पिटलात धावले. थोड्या वेळानं ह्यांचा फोन. "काका शुद्धीवर नाहीत. कुठलंसं इंजेक्शन त्यांना चालत नाही ना? डॉक्टर थांबलेत, लवकर बघ!"

चालत नव्हतंच. एकदा त्यानं मरता मरता वाचले होते. पण नाव होतं त्यांच्या कागदांत, आणि कागद तिजोरीत. कोसळताना त्यांच्या हातून पडलेली घराची किल्ली घेऊन मी त्यांच्या घरात शिरले. पंचाहत्तरी आम्हीच केली होती, म्हणून जन्मतारीख दाबली. लाल दिवा. फोनचे शेवटचे आकडे दाबले. लाल. तिसऱ्यांदा चुकलं की तिजोरी बराच वेळ कुणाचं ऐकत नाही, हे काकांनीच बजावलेलं. फोनवर हे ओरडत होते, "सापडलं का गं?" ज्याचा कुणावरच विश्वास नाही, त्याच्या मनातला आकडा मी कुठून ओळखू?

दुसरं काही सुचेना. सहा वेळा शून्य दाबलं.

टुंग.

कागद अगदी वरच होता, इंजेक्शनाचं नाव ठळक लिहिलेला. फोनवर वाचून दाखवलं आणि तिथेच फरशीवर बसून रडले.

काका सावरल्यावर मी त्यांना भेटायला गेले. म्हटलं, "साऱ्या सोसायटीचे कोड बदलायला लावलेत आणि तुमचाच राहिला?"

"राहिला नाही. ठेवला." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "अहो, माझ्यासाठी धावत येणार कोण? तुम्हीच ना? मग तुम्हाला उघडता यायला नको?"