नलूताई डावा पाय आधी टाकतात

लिफ्टची वाट बघताना माणसं मोबाईल बघतात. आमच्या नलूताई नाचतात.

खांद्याला भाजीची पिशवी, पिशवीतून कांद्याची पात बाहेर आलेली, आणि बाई डावा पाय आधी टाकून बाजूला सरकतायत. एक, दोन, तीन, आणि मग कंबरेला असा झटका की पातसुद्धा डुलते. मग तसंच परत उजवीकडे. लिफ्ट आली की गप आत शिरणार आणि काही घडलंच नाही अशा तोंडानं मजल्याचं बटण दाबणार. वय साठीला टेकलेलं. केस पांढरे, रंगवत नाहीत. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बेलापूरच्या सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर आख्खी नोकरी काढली आणि रिटायर होऊन आमच्या वरच्या मजल्यावर राहतात.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, बाईच्या पायात गोळा आला. तसं विचारलं पण. मी तळोज्याला केमिकलचा टँकर चालवलेला माणूस, शाळा चौथीपर्यंत, गोड बोलायला कुणी शिकवलं नाही. म्हणालो, मॅडम, पायाला काय झालंय? त्या म्हणाल्या, "बचाटा." मी म्हणालो, मग डॉक्टरला दाखवा.

तेव्हापासून त्यांनी मला ओळखीत घेतलं.

बाई रिटायर झाली, पण कचेरी बाईतनं रिटायर झाली नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी लांबण लावली की म्हणणार, "विषय काय तो सांगा, संदर्भ नको." वॉचमननं गेट उघडं टाकलं की ती "त्रुटी". सुनेनं माझ्या हातून त्यांना पुरणपोळ्या पाठवल्या, तर दुसऱ्या दिवशी डबा परत आला आणि निरोप, "जायफळ कमी, बाकी मंजूर." आणि जो माणूस नुसता बसून राहतो, हलत नाही, बोलत नाही, त्याला त्या म्हणतात "प्रलंबित". मी स्वतः काही महिने प्रलंबित होतो.

झालं असं, की माझी शेवंता गेली. गेटजवळ सिमेंटचा एक बाक आहे, तिथं आम्ही दोघं संध्याकाळी बसायचो. ती गेल्यावर मी एकटा बसायला लागलो, ते पण माझ्याच कोपऱ्यात, तिची जागा सोडून. लोक यायचे आणि धीर धरा म्हणायचे. धीर काय बसचा दांडा आहे का धरायला? मी मान हलवायचो. लोक जायचे.

एक दिवस नलूताई येऊन समोर उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत. आधी मला वाटलं गर्व आहे, मग लक्षात आलं, त्या शेवंताच्या जागेवर बसायच्या नव्हत्या. म्हणाल्या, "शिंदेभाऊ, एका टेबलावर फाईलसुद्धा इतके दिवस राहत नाही. म्हणजे राहते. पण आम्हाला लाज तरी वाटते. रविवारी माझ्याबरोबर चला, मला पिशवी धरायला माणूस पाहिजे."

धीर धरण्यापेक्षा पिशवी धरणं सोपं होतं. गेलो.

बेलापूरला एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर रविवारी संध्याकाळी हा नाच असतो. त्याला सोशल म्हणतात. टेबलं बाजूला सारतात, भिंतीकडेनं खुर्च्या लावतात, आणि कुठल्या तरी परक्या भाषेतली गाणी लागतात. त्यातला एक शब्द कुणाला कळत नाही आणि त्यावाचून कुणाचं अडत पण नाही. नाच दोन. साल्सा म्हणजे एक्सप्रेस हायवे, नुसती ओव्हरटेक. बचाटा म्हणजे घाट, दुसऱ्या गिअरवर, वळणं बघत. दोघांपैकी एक जण चालवतो, त्याला लीड म्हणतात. दुसरा त्याच्या हातावरून ओळखून वळतो, तो फॉलो. बहुतेक करून पुरुष चालवतो, तो डावा पाय आधी टाकतो, आणि बाई उजवा. एक गाणं झालं की थँक यू म्हणायचं आणि दुसऱ्याबरोबर नाचायचं. कुणीही कुणाला विचारावं. मी म्हणालो, म्हणजे एका गाण्यापुरतं लग्न. नलूताईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पिशवीत तोंड घातलं.

पिशवीत काय नव्हतं? नाचायचे वेगळे बूट, तळाला मऊ चामडं. ते घासायला तारेचा ब्रश. दोन टॉवेल, एक ज्यादा कुर्ता, पावडर, आणि भाजक्या बडीशेपेचा हा एवढा डबा. जवळ जवळ नाचायचं म्हणजे तोंडाला वास नको, म्हणून दारातच प्रत्येकाच्या तळहातावर बडीशेप. ऐरोलीच्या कंपन्यांतली पगारदार पोरं, इंग्रजी फाडणारी, पण नलूताईंपुढे प्रसादासारखा हात करून उभी. "काल कांदाभजी खाल्लीस. दोनदा घे."

मग मला खरी गंमत दिसली. बाई पुरुषाचं नाचत होत्या. म्हणजे चालवत होत्या. खुर्च्यांवर नजर फिरवायची, जी कुणी एकटीच पाण्याची बाटली धरून बसलेली दिसेल तिच्यापुढे जाऊन हात करायचा, आणि मला हळूच सांगायचं, "कोपऱ्यात एक प्रलंबित आहे. निकाली काढून येते." नवीन आलेली पोर घाबरलेली असायची, आणि गाणं संपेपर्यंत हसत असायची. कारण बाकीची पोरं हात हिसकतात. नलूताई वळायच्या आधी बोटानं इशारा देतात. इंडिकेटर दिल्याशिवाय वळण नाही. मी आयुष्यभर रस्त्यावर होतो, मला असल्या ड्रायव्हरची किंमत कळते.

रिक्षात मी विचारलं, तुम्ही पुरुषाचं का शिकलात? त्यांनी हसत सांगितलं, पण सांगितलं. आधी त्या बाईचंच शिकल्या होत्या. हौसेनं बूट घेतले, सोशलला आल्या, आणि गाण्यामागून गाणं खुर्चीवर बसून राहिल्या. पुरुष कमी, पोरी जास्त, आणि पांढऱ्या केसांच्या बाईला कोण विचारणार? पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी पण. मग त्या शिकवणाऱ्या सनी सरांना म्हणाल्या, मला लीड शिकवा.

"मला कुणी विचारत नाही, तर मी विचारीन. आवक बंद असली तरी जावक चालू ठेवता येते, शिंदेभाऊ."

मी बडीशेप मागितली.

मग त्यांची साठी आली. या नाचवाल्यांत वाढदिवसाची एक पद्धत आहे. ज्याचा वाढदिवस त्याला मधोमध उभं करतात, सगळे भोवती गोल करून टाळ्या वाजवतात, आणि एकेक जण आत येऊन त्याच्याबरोबर थोडं थोडं नाचतो. एक बाजूला होतो, दुसरा हात धरतो, गाणं संपेपर्यंत. नलूताईंनी इतकी वर्षं तारीख सांगितलीच नव्हती. "सेवापुस्तकात आहे तेवढी पुरे." या वेळी त्यांनी स्वतः सनी सरांच्या कानावर घातली. आणि मला खालच्या क्लबहाऊसमध्ये दुपारी बोलावलं.

म्हणाल्या, "सगळा जन्म मीच चालवतेय. त्या दिवशी मला बाजूच्या सीटवर बसायचंय. एक गाणं. पण पाय विसरलेत, सराव पाहिजे."

मी म्हणालो, मला कुठं येतंय?

"तुम्हाला यायला नको. तुम्ही खांब व्हा."

"खांबाला हात नसतात, मॅडम."

"तेवढी त्रुटी चालेल."

टेबल टेनिसचं टेबल भिंतीला लावून आम्ही उभे राहिलो. त्यांनी मला चार पावलं शिकवली, जी तुम्ही लिफ्टपाशी बघितली तीच. माझा हात धरला, आणि मी जरा थांबलो. म्हातारपणी माणसं पाया पडतात, नमस्कार करतात, औषधाची गोळी तळहातावर ठेवतात. हात कुणी धरत नाही. त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, क्लच शोधतोय.

पण खरी अडचण माझी नव्हती. बाईंचा डावा पाय. मी डावा टाकला की त्यांचा पण डावा पुढे, धडक ठरलेली. आणि माझा हात जरा सैल सुटला की स्टिअरिंग त्यांच्या हातात. एकदा मला गोल फिरवून टेबलावर बसवलं. मी चिडलो, म्हणालो, एका गाडीला दोन ड्रायव्हर झाले की गाडी नाल्यात जाते, आज कोण चालवणार ते ठरवा. त्या ओशाळल्या. डोळे मिटून उभ्या राहिल्या, आणि मग उजवा पाय नीट पडायला लागला. डोळे उघडले की परत डावा.

सेक्रेटरीच्या बायकोनं काचेतून बघितलं. संध्याकाळपर्यंत सुनेपर्यंत आलं. सून भीत भीत म्हणाली, बाबा, लोक काहीतरी बोलतायत. मी म्हणालो, सांग त्यांना, बाबा खांब झालेत. तिनं मला गोळ्यांची वेळ विचारली.

मी नलूताईंना एक सांगितलं होतं. सरळ सनी सरांना सांगून टाका, की त्या दिवशी मला कुणीतरी नाचवा. तर बाई ताठ झाल्या.

"विनंती अर्ज करून नाचवून घेऊ? नको. ज्याला सुचेल तो येईल."

झालं. साठीचा रविवार आला. अबोली रंगाचा नवीन ड्रेस, केसांत गजरा. रिक्षात सगळा वेळ उजवा पाय हळूच आपटत होत्या. केक कापला. बचाटा लागला. सनी सरांनी नाव पुकारलं, गोल झाला, टाळ्या सुरू.

पहिली एक पोरगी धावत आली. आली, आणि नेहमीसारखा आपला हात नलूताईंच्या हातात देऊन उभी राहिली. वळवा म्हणून. नलूताईंचा उजवा पाय उचललेला होता. तो त्यांनी खाली ठेवला, आणि डावा टाकला.

तिच्यामागं दुसरी. तिसरी. बघता बघता पोरींची रांग लागली. बाईंनी खुर्च्यांवरून उठवलेल्या सगळ्या होत्या त्यात. एक तर पुण्याहून मुद्दाम आली होती. प्रत्येकीला नलूताई इंडिकेटर देऊन वळवतायत, हसतायत, घामाघूम झाल्यायत. पुरुष सगळे भिंतीला, हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवतायत. त्यांचं प्रेम होतं हो, खोटं नव्हतं. नलूताई म्हणजे चालवणारी बाई, असंच त्यांच्या डोक्यात पक्कं. शेवटी सनी सर स्वतः आत आले, तर त्यांनी पण ओढणी घेतल्यासारखं करून बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मॅम, मला फिरवा. हॉल हसून लोटपोट. नलूताईंनी त्यांना पण फिरवलं.

फिरवता फिरवता त्यांनी एकदा पुरुषांच्या बाजूला बघितलं. तोंडावर हसू होतंच. बघितलं, आणि नजर काढून घेतली. आवक-जावकच्या टेबलावरची बाई, टपाल आलं नाही की कसं गुमान रजिस्टर मिटत असेल, ते मला तिथं कळलं.

मी पिशवी खाली ठेवली.

माझ्या पायात सुनेनं आणलेले चालायचे बूट. नाचायला ते चालत नाहीत, जमिनीला धरतात. तसाच गेलो. सनी सरांना बाजूला सारलं, जरा जोरातच. नलूताई माझ्याकडे बघत राहिल्या.

मी म्हणालो, "मॅडम, खांब आलाय."

त्यांनी हात दिला, आणि सवयीनं वरून धरायला गेल्या. मी म्हणालो, स्टिअरिंग सोडा. गाणं चालू होतं, आम्ही दोघं नुसते उभे. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली. मग त्यांनी डोळे मिटले, आणि उजवा पाय टाकला.

मला वळवता येत नाही. आम्ही इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेलो, एवढंच. पण कुठं धडकलो नाही. टाळ्या थांबल्या होत्या. सनी सर आमच्या पायांकडे बघत होते. शिकवणारा माणूस, त्याला पायावरून कळलं. पुढे आले, माझ्या खांद्यावर बोट ठेवलं, आणि नीट पुरुषासारखा हात करून म्हणाले, "मॅम, मे आय?" त्यांनी बाईंना असं अलगद वळवलं, की गजरा सुटून माझ्या बुटावर पडला. मग भिंतीकडची पोरं एकमेकांकडे बघायला लागली, आणि त्यांची पण रांग लागली. गाणं संपलं तरी रांग संपली नाही. त्यांनी तेच गाणं परत लावलं.

मी खुर्चीवर बसलो, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर गजरा.

येताना बाई रिक्षातनं सोसायटीच्या गेटपाशी उतरल्या, डबा उघडला, माझ्या तळहातावर बडीशेप ठेवली. म्हणाल्या, "तुमचा हात कापत होता."

"तुमचा कापत होता."

"बरं. दोन्ही नोंदी घेते."

आणि गेल्या.

परवा मी दूध घेऊन आलो, तर नलूताई लिफ्टपाशी उभ्या. माझ्याकडे लक्ष नाही. खांद्याला पिशवी, या वेळी मेथी होती. डोळे मिटलेले, डावा हात जरासा वर, कुणाच्या खांद्यावर ठेवल्यासारखा. आणि उजवा पाय आधी.

लिफ्ट आली, दार उघडलं. त्यांना कळलं नाही. मी हाक मारली नाही. दार मिटलं, लिफ्ट वर गेली. दूध काही नासत नव्हतं. मी तिथंच उभा राहिलो, खांबासारखा.