इंग्रजीवर रुसलेले जगूकाका

आमच्या शेजारचे जगूकाका मोहिते इंग्रजीवर रुसले आहेत. बरं, रुसून मराठीकडे वळले असते, तर आमच्या मंडळानं शाल-नारळ तरी दिला असता. काका वळले केचुआकडे. केचुआ म्हणजे पेरू देशातल्या डोंगरांमधली भाषा. आणि हे सगळं चाललंय मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर. आहे की नाही गंमत?

काका मूळचे वाईकडच्या शेतकरी घरातले. इथं मोटार कंपनीत त्यांनी सगळी हयात ब्रेक डिझाइन केले, स्वतःच्या जिभेला मात्र एकही बसवला नाही. पॉटलकमध्ये, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, कुणी म्हणालं, "अहो, त्या कोपऱ्यावरच्या घराला म्हणे प्रचंड ऑफर आली," की काकांचा हात वर.

"पाहिलंत की ऐकलंत?"

"म्हणजे... ऐकलं."

"मग तसं सांगा की! केचुआत वाक्याच्या शेपटीवरूनच कळतं, डोळ्यांनी बघितलंय की कुणाकडून उचललंय. इंग्रजीत साक्ष आणि थाप एकाच कोटात फिरतात. बिच्चारी गरीब भाषा!"

आता मला सांगा, ऐकीव बोलायचं नाही, तर पॉटलकला जायचं कशाला? नुसते छोले खायला?

इंग्रजी 'वुई'वर तर त्यांचा विशेष राग. "वुई म्हणजे धर्मशाळा. कोण आत, कोण बाहेर, पत्ता नाही. आपल्याकडं बघ. 'आपण जेवू' म्हटलं की पाहुण्याचं पान मांडायचं. 'आम्ही जेवतो' म्हटलं की पाहुण्यानं चपला शोधायच्या. केचुआतही अगदी अस्संच आहे! इंग्रजीतला पाहुणा बिचारा दारातच ताटकळतो."

त्यांच्या गुरू म्हणजे समोरच्या घरातल्या हुस्तिनाबाई. त्यांच्या मुलीनं, नेलीनं, नातवंडांसाठी त्यांना पेरूतल्या खेड्यातून इकडं आणलं. दोन लांब वेण्या, डोक्यावर हॅट, आणि इंग्रजी म्हणाल तर 'ओके' आणि 'बाय'. ड्राइव्हवेवर फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून दोघं शेंगा सोलत बसतात. काकांचं केचुआ वाईच्या वळणाचं. ते बोलायला लागले की हुस्तिनाबाई हॅट सांभाळत हसतात. फारच अडलं तर नेलीला आतून बोलावतात.

काकांची मुलगी मुक्ता टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला असते. दोन हिवाळ्यांपूर्वी शालिनीकाकू गेल्या, तेव्हापासून ती मागे लागली आहे, बाबा, घर विका आणि माझ्याकडे या. काकांचं उत्तर ठरलेलं, "केचुआचा कोर्स अर्धा आहे." शेवटी या जूनमध्ये तिनं मला फोन केला.

"वैशालीताई, तूच समजाव. एजंटशी बोललेय मी, पुढच्या वीकमध्ये लिस्टिंग करायचंय. एकटे असतात गं, मला झोप लागत नाही."

खोटं कशाला सांगू, मला तिचंच पटलं. शनिवारी सकाळी थालीपिठं घेऊन गेले, तर काका घरात नाहीत. हुस्तिनाबाईंच्या मागच्या अंगणात सापडले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हात मातीत. एका बाजूनं काका, दुसऱ्या बाजूनं बाई, बटाट्याच्या रोपांना मातीची भर लावत होते.

"काका, अहो तुमची पाठ!"

"पाठीला काय धाड भरलीय? पैरा आहे हा."

आमच्या नागपूरकडे हा शब्द नाही. मग त्यांनीच सांगितलं. आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. मजुरी नाही, आभार नाहीत. "हिच्या गावात याला आय्नी म्हणतात. इंग्रजीत शब्द शोधून दमलो बघ. 'हेल्प' म्हणतात, पण ती आधी मागावी लागते."

मी मुक्ताचा विषय काढला. काका कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"शालिनी गेली तेव्हा तुम्ही सगळ्यांनी डबे दिलेत. चांगलं केलंत. आणि जाताना प्रत्येक जण म्हणाला, काही लागलं तर सांगा. आता काय सांगणार गं? घरात कुणी बोलायला नाही, हे फोन करून कसं सांगायचं?"

मी थालीपिठांचा डबा गवतावर ठेवला.

"त्या मे महिन्यात ही बाई न विचारता आमच्या मागच्या अंगणात आली. शालिनीचे मेथीचे वाफे तणानं भरले होते. ही बसली आणि भांगलायला लागली. ना तिला माझी भाषा, ना मला तिची. मीही शेजारी बसलो. दुसऱ्या दिवशी इथं येऊन हिचे बटाटे लावले. आईबापांनी हेच शिकवलं होतं. मुक्ता माझं सगळं करेल, लेकच आहे माझी. पण तिथं मी नुसतं करून घेणार. इथं आज मी हिच्याकडं आलो, म्हणजे उद्या माझ्या दारात कुणीतरी येणार. येणार म्हणजे येणारच."

माझे डोळे भरून आले. हुस्तिनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, हातात खुरपं दिलं. नवी जीन्स घालून मी चिखलात बसले.

दुपारी उठताना काका म्हणाले, "उद्या आम्ही दोघं तुझ्याकडं."

"माझ्याकडे? काका, माझ्याकडे नुसतं लॉन आहे!"

"मग तेच खणू."

रविवारी सकाळी बेल वाजली. दोघं दारात, खांद्यावर कुदळी. डेकजवळचं माझं सुंदर लॉन त्यांनी खणून काढलं आणि मेथी पेरली. नवरा कॉफीचा मग धरून बघत राहिला.

संध्याकाळी मुक्ताला फोन लावला. "बाबांना इतक्यात नेता येणार नाही गं. मला अजून त्यांचा पैरा फेडायचाय." मग सगळं सांगितलं, डब्यांचं, वाफ्यांचं, काकांच्या दारात उद्या कोण येणार त्याचं. मला वाटलं, आता ती रागावणार.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तिकडे एखादं खुरपं जास्तीचं आहे का गं?"