नोंदीप्रमाणे सहा वेळा पाहिले

घरातला चित्रपटसंग्रह सुव्यवस्थित ठेवणं ही कुटुंबप्रमुखाची प्राथमिक जबाबदारी आहे, असं माझं ठाम मत आहे. कुटुंबाचं मत मागवलेलं नाही. छत्तीस वर्षं अभिलेख विभागात काढलेल्या माणसाच्या हार्ड डिस्कवर एक हजार एकशे चौदा चित्रपट अस्ताव्यस्त पडलेले असावेत, ही नामुष्कीच होती.

विषय निघाला तो हिच्यामुळे. सकाळी भाजी निवडता निवडता ही म्हणाली, "अहो, माझ्या बाबांची ती बारा मिनिटांची फिल्म लावा ना. चार वर्षं झाली त्यांना जाऊन. आवाज आठवेनासा झालाय हो."

मागणी रास्त होती. पण लावायची कशात? बाजारात सहा सॉफ्टवेअर. एकात पोस्टर झकास दिसतं, दुसऱ्यात सबटायटल्स आपोआप येतात, तिसरं सगळं दिग्दर्शकाच्या आडनावाप्रमाणे लावतं. घाईघाईत कशातही लावून टाकायला सासरे म्हणजे काय जाहिरात आहेत? मी एकसदस्यीय निवड समिती नेमली. अध्यक्षपद एकमताने माझ्याकडे आलं.

"डबल क्लिक केलं की लागतं ना ते?" हिने विचारलं.

"लागतं. पण त्याला पद्धत म्हणत नाहीत."

समितीचं काम पाच महिने चाललं. चाचणीला छोटी फाइल हवी, म्हणून सासऱ्यांचीच घेतली. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये पहिली दहा सेकंदं चालवायची, बंद करायची, शेरा मारायचा. ही दारात येऊन उभी राहायची.

"आता लावलंच आहे तर पुढचं बघू द्या की!"

"चाचणी सुरू आहे," मी म्हणायचो. एकदा तर तिने डोळ्यांत पाणी आणलं. भावनेच्या भरात घेतलेले निर्णय टिकत नाहीत, हे मी तिला शांतपणे समजावलं.

पहिल्या पाचांनी सासऱ्यांना ओळखच दाखवली नाही. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नाही, कलाकार अज्ञात. एकाने तर त्यांना भयपटांत टाकलं.

"तुम्हीच सांगितलंत वाटतं त्याला," ही फणकारली.

सहावं मात्र हिरा निघालं. बाकी पाचांतल्या 'पाहिले'च्या नोंदी त्याने आपणहून ओढून घेतल्या, संग्रह वर्णानुक्रमे लावला आणि 'जागेची बचत' अशी एक सोय सुचवली. मी 'होय' दाबलं. सासऱ्यांची फिल्म जिच्यावरून उतरवली होती ती मूळ कॅसेटही त्याच दिवशी कचऱ्यात दिली. एकाच दस्ताच्या दोन प्रती ठेवणं माझ्या नियमात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन. हिने चष्मा दोनदा पुसला, खुर्ची पुढे ओढली. मी शोधलं. पडद्यावर नम्र निवेदन आलं : 'सदर चित्रफीत सहा वेळा पाहून झाल्यामुळे कायमची काढून टाकली आहे.'

"अहो, मी एकदाही पाहिली नाही!"

"नोंदीप्रमाणे सहा वेळा पाहिली गेलीय," माझ्या तोंडून निघालं. सवय, दुसरं काय.

हिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "तुम्ही तरी ऐकलंत ना? काय म्हणत होते बाबा?"

इतका अवघड खुलासा छत्तीस वर्षांत मला कुणी मागितला नव्हता. पहिल्या दहा सेकंदांत सासरे कॅमेऱ्यात बघून एवढंच म्हणतात, "सुरू झालं का गं? बोलू आता?"

मी तेवढं सांगितलं.

"बोला ना, बाबा," ही कोऱ्या पडद्याकडे बघत म्हणाली.

आता तुम्ही काय माझ्याकडे असे डोळे वटारताय? तुमच्या फोनमध्ये तुमच्या माणसांचं सगळं अगदी जपून ठेवलंय ना? छान. शेवटचं कधी लावलं होतंत?